जीव योगायोगाने सुरू झाला असेल, तर माणसाच्या असण्याला हेतू कुठून येणार?

वय चोवीस लिहिलं आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, रागावू नकोस. एकतीस वर्षं रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कोणी प्रश्न विचारला की माझा तास सुरू होतो.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. हा गुहागरकडचा मुलगा. इंजिनीअर झाला, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि वडील गेल्यावर आंब्याची बाग बघायला घरी परत आला. रात्री झोप लागत नाही म्हणून मोबाईलवर विश्व, मेंदू, जीवाची उत्पत्ती असले व्हिडिओ बघतो. त्याचं म्हणणं असं की जीव रसायनांतून आपोआप तयार झाला असेल तर आपण सगळे एक अपघात आहोत, आणि अपघाताला हेतू नसतो. दुसरं म्हणजे माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो म्हणतात, मग उरलेले नव्वद टक्के उघडले तर याचं उत्तर सापडेल का? शेवटी एक ओळ आहे, सहज बाजूला ठेवल्यासारखी: "फवारणी करताना पण हेच डोक्यात असतं, कशातच मन लागत नाही."

यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. जीव कसा सुरू झाला, हा रसायनशास्त्राचा प्रश्न. मनाची झेप किती, हा मेंदूचा. आणि मी सकाळी उठून बागेत कशाला जाऊ, हा तुझा. पहिल्या दोघांची उत्तरं मिळाली की तिसऱ्याचं आपोआप मिळेल असं तू धरून चालला आहेस. गाठ तिथेच बसली आहे असं मला वाटतं.

एक गोष्ट आधीच कबूल करते. देव मानणाऱ्याला हेतूचं उत्तर दुसऱ्या दारातून मिळतं, आणि त्यात ढवळाढवळ करायचा माझा विचार नाही. आमचे यजमान दर शिमग्याला पालखी नाचवायला गावी जातात, मी जात नाही. चाळीस वर्षं एकाच घरात आहोत. तू यातला कोणता आहेस ते लिहिलेलं नाहीस, म्हणून मला जे हाताळता येतं तेवढंच सांगते.

मेंदूचं आधी उरकते, ते सोपं आहे. दहा टक्क्यांची गोष्ट खोटी आहे. मेंदू असतो तेरा-चौदाशे ग्रॅमचा, शरीराच्या वजनाच्या २ टक्के. पण माणूस नुसता बसून असताना जेवढी ऊर्जा लागते, त्यातली २० टक्के तो एकटा खातो. नव्वद टक्के कर्मचारी रिकामे बसवून एवढा पगार कोण देईल? त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत आणि झोपेतसुद्धा त्यांची कामं चालू असतात. ज्याने घरात पक्षाघाताचं माणूस सांभाळलंय त्याला विचार. गुठळी केवढीशी, पण एकाचा हात जातो, दुसऱ्याची वाचा जाते. बिनकामाचा कोपरा कुठे सापडत नाही. आणि सगळ्या पेशी एकदम पेटल्या तर साक्षात्कार होत नाही, फिट येते.

मनाची ताकद वाढते ती सरावाने. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना हजारो गल्ल्या तोंडपाठ कराव्या लागतात. २००० साली त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. आमच्या मिरकरवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाबरोबर मी एकदा पहाटे नमुने आणायला गेले होते. अंधारात होडी आत घेताना तो किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत येईपर्यंत थांबला आणि मगच वळला. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाला, "बापूस दाखवायचा." एका डोक्यात न मावणारं ज्ञान दुसऱ्या डोक्यात ठेवायची ही सोय आहे, ती माणसाइतकी कोणाला साधलेली नाही. मेंदूतले नव्वद टक्के शोधत बसण्यापेक्षा हे जास्त आश्चर्याचं आहे, पण त्याचे व्हिडिओ कोणी करत नाही.

आता उत्पत्ती. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांच्या खुणा आहेत. (त्यापुढे आपला कोकणातला काळा कातळ कालचं पोर. दख्खनचा लाव्हा वाहिला तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी.) म्हणजे जे काही घडलं ते मधल्या शंभरेक कोटी वर्षांत. १९२४ साली रशियात ओपारिन आणि १९२९ साली इंग्लंडात हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे मांडलं की तेव्हाच्या समुद्रात जीवाचा कच्चा माल साठत गेला असावा. हे हाल्डेन पुढे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९५३ साली शिकागोच्या स्टॅनली मिलर नावाच्या विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या भांड्यात कोंडून त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत पाणी तांबूस झालं आणि त्यात अमिनो आम्लं निघाली, म्हणजे प्रथिनांच्या विटा. तेव्हाची हवा तशीच होती का, यावर नंतर बराच वाद झाला. पण विटा मिळणं अवघड नाही, हे आता दुसरीकडूनही कळलंय. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून २०२३ साली माती आणली. तिच्यात जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनए या आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या रेणूंची पाचही अक्षरं सापडली.

विटा म्हणजे घर नव्हे, हे खरं. तू ज्या व्हिडिओची लिंक दिलीस त्यातला माणूस म्हणतो की वादळ येऊन भंगारातून विमान तयार होणं जितकं अशक्य, तितकाच जीव अशक्य. पण एका फटक्यात अख्खी पेशी तयार झाली असं कोणी म्हणतच नाही. होळीनंतर कधी भरतीच्या रेषेच्या वर कातळावर जाऊन बघ. लाटांचे तुषार खळग्यांत साठतात, दुपारपर्यंत आटतात, मिठाची पापडी उरते. पुढच्या उधाणाला पुन्हा भरतात. असं ओलं-कोरडं होत राहिलं की पाण्यात लांब लांब असलेले रेणू दाटीने एकत्र येतात आणि साखळीत जुळायला लागतात. प्रयोगशाळेत हे करून बघितलंय. ज्वालामुखी भागातल्या, तुरळ-राजवाडीच्या कुंडांपेक्षाही कडक झऱ्यांच्या काठावर हे घडलं असावं असं एक मत. समुद्राच्या तळाशी, १९७७ साली सापडलेल्या ऊन पाण्याच्या तोट्यांपाशी घडलं, हे दुसरं. स्निग्ध रेणू पाण्यात आपोआप फुग्यासारखे मिटतात, त्याला नशीब लागत नाही. आणि साखळ्यांतली एक जरी स्वतःची बरीवाईट नक्कल करायला लागली की पुढचा खेळ लॉटरीचा राहत नाही. जी नक्कल टिकते तिच्याच पुढे नकला होतात. आरएनएचा रेणू माहितीही साठवतो आणि कामही करतो, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा आहे. तुझ्या-माझ्या प्रत्येक पेशीत प्रथिनं जोडणारं जे यंत्र आहे, त्याचा गाभा आजही आरएनएचाच. चिदंबरमला जन्मलेले वेंकी रामकृष्णन यांना २००९ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो या यंत्राची रचना उलगडण्यासाठी.

नक्कल करणारा पहिला रेणू कसा जुळला, ही कडी अजून कोणी प्रयोगशाळेत पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडून दाखवलेली नाही. जो दाखवली म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि कडी सुटली म्हणून सगळी साखळी खोटी म्हणणाऱ्यावरही नको.

पण आता मला सांग, उद्या ती कडी सापडली, पेपरात पहिल्या पानावर आली, तर परवा तुझ्या बागेत काय बदलेल?

इथे मी वर्गात जे करायची ते तुला करायला सांगते. मूठभर पेंढा घे, पाण्यात दहा मिनिटं उकळ, गार कर. त्यात पऱ्ह्याचं किंवा तळ्याचं कपभर पाणी घाल आणि बरणी सावलीत ठेव. दोन-तीन दिवसांत वर साय धरते, वास मारतो. आठवडाभराने त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन जवळच्या हायस्कुलातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघ. (याच पेंढ्याच्या पाण्यावरून एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मोठं भांडण झालं होतं, की यात जीव आपोआप होतात की बाहेरून येतात. १८६२ साली पाश्चरला बक्षीस मिळालं ते बाहेरून येतात हे दाखवल्याबद्दलच. त्याने पेंढा न घेता यीस्टचं पाणी घेतलं हे त्याचं नशीब. वाळल्या गवतातले काही जिवाणू उकळूनही मरत नाहीत.)

थेंबात तुला पॅरामेशियम दिसेल. चपलेच्या आकाराचा, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा, एका पेशीचा. अंगभर लव असते, तिच्या लाटेवर तो गोल फिरत पुढे जातो. कचऱ्याला आपटला की थबकतो, मागे सरतो, जरा वळतो, पुन्हा पुढे. परत आपटला तर परत तेच. काचेच्या कडेला मिठाचा एक कण ठेव. खार जसजसा पसरतो तसे सगळे तिथून मागे फिरायला लागतात. मेंदू नाही, चेतापेशी एकही नाही. आपटलं की पुढच्या बाजूने कॅल्शियम आत शिरतं आणि लव उलटी हलते, एवढंच. जादू कुठेच नाही. पण एकतीस वर्षांत एकही वर्ग असा गेला नाही की ज्यात कोणीतरी म्हणालं नाही, "मॅडम, तो घाबरला."

घाबरणं हा शब्द मी खोडायची. आता खोडत नाही, नुसती हसते. कारण मुलांनी बरोबर जागा पकडलेली असते. काचपट्टी फुटली तर काचेला काही फरक पडत नाही. मिठाचा कण विरघळला तर त्याचं काही बिघडत नाही. त्या थेंबात फक्त त्या चपलेचं काहीतरी बिघडू शकतं. तिच्यासाठी खार वाईट आणि जिवाणू चांगले. चांगलं आणि वाईट ही जोडी विश्वात पहिल्यांदा आली ती जिवाबरोबर. त्याआधी कोट्यवधी वर्षं तारे फुटत होते, समुद्र उकळत होते, आणि ते कोणासाठी बरं किंवा वाईट नव्हतं, कारण कोणी नव्हतंच. तू म्हणतोस जीव आपोआप सुरू झाला, म्हणून हेतू नाही. मला ते उलटं दिसतं. "कशासाठी" हा प्रश्न जिथे पहिल्यांदा विचारता येतो, ती जागाच जीव आहे. वरून कोणी हेतू ठेवला की नाही ते बाजूला राहू दे, खालून तो उगवलेला मला दर वर्षी जूनमध्ये दिसायचा.

यावर हुशार मुलं लगेच विचारायची की मग जगणं आणि पिल्लं घालणं एवढाच हेतू का? तर नाही. त्यासाठी तुझ्याच बागेत चल.

आंबा गोड का झाला? कोय लांब जावी म्हणून. वटवाघळांनी, माकडांनी फळ उचलावं, दूर नेऊन खावं, कोय टाकावी. तू माकडांवर दगड भिरकावतोस, पण मुळात त्या गोडीचं आमंत्रण त्यांच्याच नावाचं होतं. आणि हापूसचं काय झालंय बघ. कोय लावली तर हापूस येईलच याची खात्री नाही, म्हणून झाड वाढतं कलमाने. कोय उकिरड्यावर जाते, आणि जी गोडी कोयीसाठी होती ती आता पेटीत बसून वाशीच्या मार्केटला जाते. त्यावर तुझं घर चालतं, बहिणीचं शिक्षण चालतं. सुरुवात कशासाठी झाली यावरून पुढे त्याचं काय व्हावं हे ठरलं नाही. माणसाचंही तेच. भुकेसाठी आणि भीतीसाठी घडलेला मेंदू बसून तुझ्यासारखे प्रश्न विचारतो. राजापूरजवळ कशेळीच्या सड्यावर कोणीतरी जांभ्यात जवळपास चाळीस हात लांब हत्ती खोदला आणि त्याच्या पोटात इतर प्राणी खोदले. त्यांनी कोणाची भूक भागली नसणार. खोदणाऱ्याने कारण लिहून ठेवलेलं नाही, पण उन्हात त्या कातळावर अर्धा तास उभं राहून दाखव, म्हणजे कळेल की कारण असल्याशिवाय हे कोणी करणार नाही.

आता तुझी ती शेवटची ओळ.

मी मोठी चूक केली होती ती सांगते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका मुलीने तासाला विचारलं, "मॅडम, जीव सुरूच कशाला झाला?" मला आनंद झाला, काय छान प्रश्न! मी फळ्यावर मिलरचं भांडं काढलं, मिथेन, अमोनिया, ठिणगी. तिने आकृती नीट उतरवून घेतली. तास संपल्यावर दुसऱ्या एका मुलीने सांगितलं की हिचा भाऊ मागच्या महिन्यात होडीवर गेला तो आलाच नाही. ती पुढच्या आठवड्यात कॉलेजला आली नाही, नंतरही नाही.

तेव्हापासून हा प्रश्न आला की मी आधी विचारते, झोप कशी आहे? जेवण जातंय का? वडील जाऊन किती दिवस झाले तू लिहिलेलं नाहीस. बापाच्या मागे पहिला हंगाम एकट्याने काढताना मन न लागणं यात विचित्र काही नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, आवडायच्या त्या गोष्टीही बेचव वाटत असतील, नसलो तरी चालेल असं मनात येत असेल, तर ते तत्त्वज्ञान नव्हे, आजार असू शकतो, आणि त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. जायला जड वाटलं तर १४४१६ वर फोन कर. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आधी हे बघ, मग पॅरामेशियम.

आणि ते नसेल तर मला दुसरी एक शंका आहे. होडीच्या बुडाला आणि कातळाला पांढरे, चुन्याचे, टोकाला भोक असलेले बारीक डोंगर चिकटलेले असतात, पाय कापणारे, ते बार्नाकल. लहानपणी हा प्राणी पाण्यात पोहत असतो. मग कातळावर उतरतो, चालून चालून जागा चाचपतो, आपल्या जातीचे शेजारी आहेत का बघतो, आणि एकदा जागा पटली की डोक्याच्या बाजूने सिमेंट सोडून स्वतःला चिकटवून घेतो. त्यानंतर जन्मभर डोकं खाली आणि पाय वर. पाणी आलं की पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न आत ओढायचं. पुणं सोडून बागेत आलास तेव्हा आपण असे चिकटलो, तेही जागा न चाचपता, असं तुला वाटतंय का? असेल तर ते तसंच बोल, आईशी बोल. बाग कराराने देता येते, दोन हंगाम करून मग ठरवता येतं. त्यासाठी विश्वाच्या सुरुवातीपर्यंत जायची गरज नाही.

डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या बार्नाकलवर घालवली. मधेच १८५१ साली त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली. तो कोलमडला, आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. जीव कुठल्याशा कोमट डबक्यात सुरू झाला असेल, हे त्याने लिहिलं ते १८७१ साली, एका मित्राला, पत्रात, जाता जाता. सगळ्या जिवांचं कोडं सोडवणाऱ्या माणसाने सुरुवातीच्या प्रश्नावर आयुष्य टांगून ठेवलं नाही, याचं मला बरं वाटतं.

तर पेंढा उकळायला ठेव. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, तेव्हा उजाडता उजाडता कातळावर जा, साधं भिंग बरोबर ने आणि डबक्यातल्या बार्नाकलचे पाय बघ. पावसाळ्यात मात्र जाऊ नकोस, शेवाळावरून घसरशील. काय दिसलं ते इथे लिही, झोपेचंही लिही. आणि बरणीवर चिठ्ठी लाव. आमच्या सासूबाईंनी एकदा माझं महत्त्वाचं पाणी नासलेलं समजून अबोलीच्या आळ्यात ओतलं होतं. अबोलीला काही झालं नाही.